रेडकाचा हिशेब: पशुसंवर्धन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
पशुसंवर्धन विभाग, महाराष्ट्र राज्य, पुणे



जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तोच हा रेडा, अशी श्रद्धा. भाविक आजही तिथे माथा टेकतात. पण आज राज्यातल्या कुठल्याही गोठ्यात म्हैस व्याली आणि रेडी झाली तर घर हरखतं; रेडा झाला तर कुणी काही बोलत नाही. हे पत्र त्या न बोललेल्या गोष्टीबद्दल आहे.

आपल्याच खात्याच्या मदतीने झालेली 2019 ची विसावी पशुगणना समोर घ्यावी. देशात म्हसवर्गीय जनावरं सुमारे 11 कोटी. त्यांतल्या माद्या 10 कोटींहून थोड्या जास्त आणि नर जेमतेम 93 लाख. 2012 च्या गणनेत हेच नर 1 कोटी 60 लाखांच्या घरात होते. निसर्गात नर आणि मादी जवळपास सारखेच जन्माला येतात. मग हे उरलेले नर गेले कुठे? काही मोठे करून कत्तलखान्यात गेले. म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या आघाडीच्या देशांत भारत आहे. पण कितीतरी नर रेडकं महिन्या-दोन महिन्यांतच, गोठ्याच्या कोपऱ्यात, अर्धपोटी राहून संपतात. त्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

यामागचं गणित क्रूर असलं तरी अवघड नाही. जन्मताना रेडकाचं वजन तीस किलोच्या आसपास असतं आणि त्याला दिवसाला अडीच-तीन लिटर दूध लागतं. रेडी असेल तर ती उद्याची म्हैस, म्हणून तिला सड सोडला जातो. रेड्याचा उपयोग काय? नांगर ट्रॅक्टरने नेला. त्याच्या वाट्याचं दूध डेअरीत घातलं तर रोख पैसे मिळतात. दुधाला भाव मिळत नाही म्हणून ज्या शेतकऱ्याला कॅन रस्त्यावर ओतावे लागतात, 2024 मध्ये लिटरमागे सरकारी अनुदान मिळालं तेव्हा ज्याचा जीव भांड्यात पडला, त्याने रेडा पोसावा असं शहरात बसून सांगणं सोपं आहे. म्हणूनच हे पत्र शेतकऱ्याला लिहिलेलं नाही, आपल्याला लिहिलं आहे.

खरवसाचंच घ्या. दादरच्या फुटपाथवर, कोल्हापूर-पुण्याच्या गल्ल्यांत वेलची-केशर घातलेल्या वड्या लोक आवडीने घेतात. तो खरवस चिकाचा होतो, आणि चीक म्हणजे व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध. गाई-म्हशींच्या पोटात असताना पिल्लाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती मिळतात ती या चिकातूनच, आणि तीही जन्मानंतरच्या पहिल्या दिवसभरातच आतड्यातून शोषली जातात. तो दिवस हुकला की पुढे ती भरून निघत नाहीत. पिल्लाला पोटभर पाजून चीक उरत असेलही. पण ज्या पिल्लाला जगवायचंच नाही, त्याच्या तोंडचा तो पहिल्याच दिवशी काढून घेतला जातो. वडीचा तुकडा जिभेवर विरघळताना ही गोष्ट आठवली तर घास अडकतो, आणि तो अडकावा.

मुंबईचा दूधपुरवठा तर रेडकाचं दूध असं तोडण्यावरच उभा राहिला. शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठी 1949 मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. पुढे 1963 मध्ये अमूलचे कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहराला स्वच्छ दूध मिळालं, हे मान्यच. पण तबेल्याची पद्धत अशी, की व्यालेली म्हैस गुजरात-हरियाणातून आणायची, वेत संपेपर्यंत पिळायची, भाकड झाली की काढून टाकायची. त्या चक्रात रेडकाला जागाच नाही. पान्हा सुटेपर्यंत त्याची गरज असते, आणि ते मेलं तर पेंढा भरलेलं कातडं आईपुढे धरायचं किंवा सुई टोचायची. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 ने दूध वाढवण्यासाठी फुंका (जनावराच्या योनीत हवा भरण्याचा प्रकार) आणि जनावराला अपायकारक इंजेक्शनं यांना बंदी घातली. जनावराला पुरेसं खाणं न देणं हा कलम 11 खाली गुन्हा आहे; पहिल्या वेळी दंड 10 ते 50 रुपये. दुधाच्या एका पिशवीच्या पैशांतही हा दंड भरता येईल.

मग दूधच सोडावं, हा विचार परदेशातून आलेला नाही. इंग्लंडमध्ये दूधही वर्ज्य मानणाऱ्यांसाठी ‘व्हीगन’ हा शब्द 1944 मध्ये तयार झाला. गांधीजींनी त्याच्या बत्तीस वर्षं आधी, 1912 मध्ये, दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं, आणि गाई-म्हशींच्या गोठ्यात काय चालतं ते त्यांना कळलं होतं, हे त्यामागचं एक कारण होतं. पुढे आजारपणात, मुंबईत डॉक्टर आणि कस्तुरबा यांच्या आग्रहाखातर ते बकरीच्या दुधावर आले, आणि त्याची खंत त्यांना शेवटपर्यंत राहिली.

मराठी स्वयंपाकघराला दूध सोडणं तितकं जड नाही. भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, मिसळ, सोलकढी, कोकणात नारळाच्या रसातली खापरोळी. हे सगळं गाई-म्हशीला हात न लावता होतं. अडतं ते चहापाशी आणि गरम वरणावरच्या तुपापाशी. बी-12 जीवनसत्त्वासाठी गोळी घ्यावी लागते, हेही स्पष्ट सांगायला हवं. आणि दुधाला पर्याय देऊ शकणारं लातूरच्या शेतकऱ्याचं सोयाबीन? 2024-25 मध्ये त्याचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात ते बराच काळ त्याखाली विकलं गेलं. त्या सोयाबीनचं तेल निघतं, पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. दूध संघांना शीतकरण केंद्रं आणि अनुदान मिळतं, तर सोया आणि शेंगदाण्याचं दूध बनवणाऱ्या शेतकरी कंपनीला तेवढंच पाठबळ का नको?

लिंगनिर्धारित वीर्यमात्रेमुळे 90 टक्क्यांपर्यंत माद्याच जन्मतात, त्यामुळे हा प्रश्न सुटेल, असं आपलं खातं म्हणू शकेल. उपासमार काही प्रमाणात टळेल, हे खरं. पण उरलेल्या दहा टक्क्यांचं आणि भाकड म्हशीचं काय, याचं उत्तर त्या वीर्यमात्रेत नाही.

म्हणून मागणी एकच, आणि ती आपल्या हातातली आहे. आज प्रत्येक जनावराच्या कानात 12 अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारला जातो, भारत पशुधन प्रणालीत त्याची नोंद होते. 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करू नये, असा राज्याचा नियम आहे. कृत्रिम रेतन, लसीकरण, वेत, सगळं त्या क्रमांकाला जोडलेलं. त्यातच प्रत्येक वेताखाली चार रकाने हवेत: पिल्लू नर की मादी, चीक पाजला का, तीन महिन्यांनी जिवंत आहे का, नसेल तर कशाने गेलं. ही माहिती दरवर्षी तालुकावार जाहीर व्हावी. सुरुवात जुन्नर तालुक्यापासून करता येईल.



एक नागरिक