विश्लेषण : पर्यटन कंपनी बुडाली, तर प्रवाशांच्या पैशांचे काय?

सहलीचे पैसे कित्येक महिने आधी भरावे लागतात. विमान, हॉटेल, जेवण हे सारे नंतर मिळते. मधल्या काळात कंपनीच बंद पडली तर? ब्रिटन आणि युरोपात या जोखमीसाठी आर्थिक हमी कायद्याने बंधनकारक आहे. भारतात तशी व्यवस्था नाही.

२०१९मध्ये काय घडले?

१८४१पासूनचा वारसा सांगणारी ब्रिटनची ‘थॉमस कुक’ कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली. त्या वेळी तिचे सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटक परदेशांत होते. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने विमाने भाड्याने घेऊन त्यांना मायदेशी आणले. ज्यांची पॅकेज सहल अजून व्हायची होती, त्यांना संरक्षण निधीतून पैसे परत मिळाले. भारतातील थॉमस कुक २०१२पासून कॅनडाच्या फेअरफॅक्स समूहाकडे असल्याने तिला याची झळ बसली नाही.

त्याच वर्षी मुंबईत मुख्यालय असलेली ‘कॉक्स अँड किंग्ज’ कर्जफेडीत अपयशी ठरली. ऑक्टोबरमध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. येथे मात्र ग्राहकांसाठी राखून ठेवलेला कोणताही निधी नव्हता.

हा ‘बॉण्ड’ म्हणजे नेमके काय?

हा गुंतवणुकीचा रोखा नव्हे, तर हमीपत्र आहे. पर्यटन कंपनी शुल्क भरून बँकेकडून किंवा विमा कंपनीकडून ते घेते आणि नियामकाकडे अथवा व्यावसायिक संघटनेकडे सोपवते. कंपनी बुडाली, की बँक ठरलेली रक्कम थेट त्या संस्थेला देते. हा पैसा बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेचा भाग नसतो. त्यामुळे ग्राहकाला बँका आणि इतर देणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभे राहावे लागत नाही. ब्रिटनमधील ‘आबटा’ ही संघटना आपल्या सदस्यांकडून असे बॉण्ड घेते.

आणखी कोणते मार्ग आहेत?

दुसरा मार्ग विश्वस्त खात्याचा. सहल पूर्ण होईपर्यंत ग्राहकाचे पैसे वेगळ्या खात्यात राहतात. ‘रेरा’ कायद्यात घरखरेदीदारांचे ७० टक्के पैसे स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन आहे, त्यासारखीच ही कल्पना.

तिसरा मार्ग सामायिक निधीचा. बँक बुडाल्यास ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण देणाऱ्या व्यवस्थेशी तो मिळताजुळता आहे. ब्रिटनमध्ये विमानप्रवासासह पॅकेज विकण्यासाठी ‘अॅटॉल’ परवाना लागतो. परवानाधारक कंपनी प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड निधीत भरते.

बॉण्ड पुरेसा ठरतो का?

नेहमीच नाही. ‘अॅटॉल’ १९७३मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी, ऐन सुट्टीच्या हंगामात ‘कोर्ट लाइन’ समूह कोसळला आणि बॉण्डची रक्कम तोकडी पडली. त्यानंतर १९७५मध्ये राखीव निधीचा कायदा करावा लागला.

जर्मनीला हा धडा २०१९मध्ये मिळाला. थॉमस कुकच्या तेथील ग्राहकांसाठी विमा होता, पण विमा कंपनीच्या दायित्वाला ११ कोटी युरोंची मर्यादा होती. दावे त्याहून कितीतरी अधिक आले आणि उरलेला भार सरकारी तिजोरीवर पडला. पुढे २०२१मध्ये जर्मनीने पर्यटन कंपन्यांच्या वर्गणीतून स्वतंत्र निधी उभारला.

संरक्षणाच्या कक्षेलाही मर्यादा आहेत. विमान कंपनीकडून थेट घेतलेल्या नुसत्या तिकिटाला ‘अॅटॉल’ लागू होत नाही.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात हमी आहे, पण ती प्रवाशासाठी नाही. ‘आयाटा’च्या व्यवस्थेतून तिकिटे विकणाऱ्या एजंटांना बँक हमीसारखे तारण द्यावे लागते. एजंट बुडाल्यास त्यातून विमान कंपनीची थकबाकी भरून निघते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची सहल कंपन्यांना मिळणारी मान्यता ऐच्छिक आहे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२०पासून सरकार ‘टीसीएस’ वसूल करते. म्हणजे प्रत्येक विक्रीची नोंद होते. पण त्या पैशांच्या सुरक्षिततेची अट नाही.

ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मात्र दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, की वसुलीच्या कारवायांना स्थगिती मिळते. मग ग्राहकाला इतर देणेकऱ्यांप्रमाणे दावा दाखल करावा लागतो आणि सुरक्षित कर्ज देणाऱ्या बँका त्याच्या पुढे असतात.

बंधन आणल्यास अडचण काय?

बॉण्ड देताना बँक तारण मागते. मोठ्या कंपनीला ते जड नाही. पण अष्टविनायक किंवा चारधामच्या यात्रा काढणाऱ्या लहान व्यावसायिकाचे भांडवल त्यात अडकेल. शिवाय हे व्यवसाय बऱ्याच अंशी आगाऊ पैशांच्या फिरवाफिरवीवर चालतात. नेमकी तीच जोखीम आहे. त्यामुळे सरसकट बॉण्डपेक्षा प्रवाशामागे छोटी वर्गणी आणि नव्या कंपन्यांसाठी बॉण्ड, हा ब्रिटनने स्वीकारलेला तोडगा भारताला अधिक सोयीचा ठरू शकतो.

तोपर्यंत ग्राहकांनी काय करावे?

पूर्ण रक्कम एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्यावी. शक्यतो क्रेडिट कार्डने भरावी, म्हणजे सेवा न मिळाल्यास बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागता येतो. पैसे भरताच विमानाचा पीएनआर आणि हॉटेलचे आरक्षण स्वतः तपासावे. प्रवास विम्यात कंपनी बुडण्याची जोखीम समाविष्ट आहे का, हे वाचून घ्यावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पण ही सारी वैयक्तिक खबरदारी झाली. आगाऊ दिलेले पैसे सहल होईपर्यंत ग्राहकाचेच मानायचे की नाही, हे कायद्यानेच ठरवायला हवे.