कटिशूल, व्यायाम आणि खिशातील ‘ॲप’

कापूस वेचणीचा हंगाम ऐन भरात असताना बार्शीटाकळी परिसरातील एक मध्यमवयीन शेतमजूर भगिनी चिकित्सालयात आल्या. त्यांचा जीर्ण कटिशूल मला दोन वर्षांपासून परिचित होता. या वेळी मात्र वेदना उजव्या नितंबापासून पोटरीपर्यंत उतरली होती. विचारणा करता कळले की, भाच्याने मोबाईलमध्ये कंबरदुखीच्या व्यायामाचे एक ‘ॲप’ घालून दिले होते. “डाक्टरसाहेब, मोबाईलातल्या बाईवाणी वाकून पाह्यलं, अन् मंग उठताच येना,” असे त्यांचे शब्द होते.

प्रथम मला त्या ‘ॲप’चा राग आला. नंतर दोन वर्षांचा केसपेपर चाळला. त्यात योगराज गुग्गुळ होता, महानारायण तेल होते, दोन वेळा केलेली कटिबस्ती होती. व्यायामाविषयी मात्र एक अक्षरही नव्हते. जी जागा मी रिकामी ठेवली, ती भाच्याच्या मोबाईलने भरली. दोष केवळ यंत्राचा नव्हे, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

हा विषय टाळून आता चालणार नाही. 2020 साली जगात सुमारे 61.9 कोटी लोक कटिशूलाने ग्रस्त होते व 2050 पर्यंत ही संख्या 84.3 कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जीर्ण कटिशूलाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णशिक्षण व व्यायाम यांना स्थान आहे. कमरेचे पट्टे आणि ताण लावणे (ट्रॅक्शन) यांची मात्र नेहमीची चिकित्सा म्हणून शिफारस नाही. जर्मनीत 2020 पासून वैद्याने लिहून दिलेल्या काही ‘ॲप’चा खर्च आरोग्यविमा देतो, आणि त्यांत पाठदुखीच्या व्यायामाचे ‘ॲप’ही आहे. आपल्याकडे 21 जून 2021 रोजी ‘एम-योग’ ॲपची घोषणा झाली व त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयुष मंत्रालयाने ‘वाय-ब्रेक’ आणले.

या साधनांचा गुण किती? डेन्मार्क व नॉर्वे येथे 461 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ज्यांना ‘ॲप’ दिले, त्यांपैकी 52 टक्के रुग्णांत तीन महिन्यांनी लक्षणीय सुधारणा आढळली. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. दोन्ही गटांतील सरासरी फरक मात्र अल्प होता. अर्थात लाभ आहे, परंतु मर्यादित आहे. आणि तो ‘जोडीला’ आहे, ‘ऐवजी’ नाही. ‘ॲप’ला शत्रू मानणारे आणि त्याला वैद्य मानणारे अशा दोघांनीही हा शब्द ध्यानी ठेवावा.

काही वैद्यमित्र येथे शास्त्राचा आक्षेप घेतील. वाग्भटाचार्यांनी वातपित्ताच्या रुग्णास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे आणि चरकाचार्यांनी अतिव्यायामाची गणना वातप्रकोपाच्या हेतूंत केली आहे. मग त्रिकग्रहाच्या किंवा गृध्रसीच्या रुग्णास व्यायाम कसा द्यावा? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याच चरकाचार्यांनी व्यायामाची व्याख्या करताना ती चेष्टा इष्ट असावी, स्थैर्य व बल देणारी असावी आणि मात्रेने करावी, असे सांगितले आहे. अर्धशक्तीची मर्यादाही आपल्याच संहितांनी घालून दिली आहे. कपाळ, नाक, काखा व सांध्यांवर घाम येऊ लागला, तोंड कोरडे पडू लागले, की थांबावे. माझ्या मते निषेध आहे तो प्रकुपित अवस्थेतील आणि मात्रा सोडून केलेल्या आयासाचा. साम अवस्था निवळल्यावर स्नेहन-स्वेदनाने मृदू झालेल्या शरीरास दिलेली अल्प, नियमित चेष्टा त्या निषेधात बसत नाही.

“दिवसभर राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला?” असाही एक प्रश्न विचारला जातो. निंदण, सोयाबीनची सोंगणी, कपाशीची वेचणी ही सारी कामे कंबर एकाच दिशेने तासन्‌तास वाकवतात. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन चालणाऱ्या पुरुषाचीही गत वेगळी नाही. हा आयास आहे, परंतु तो इष्टही नाही आणि त्यास मात्राही नाही. कारण मजुरी किलोमागे मिळते. अशा शरीरास विरुद्ध दिशेची सौम्य हालचाल आणि कामाच्या मध्ये दोन मिनिटांचा विराम हवा असतो.

नेमके हेच ‘ॲप’ला कळत नाही. त्यास रुग्णाचे बल, अग्नी, साम-निराम अवस्था दिसत नाही. ते सकाळी सात वाजता आठवण देते, तेव्हा ही भगिनी चुलीपुढे असते. आणि पुष्कळ घरांत एकच मोबाईल असतो, तो मुलाबरोबर गावाबाहेर गेलेला असतो. अमरावतीत 1914 साली अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले आणि 1936 साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखविले. वऱ्हाडची ही परंपरा आखाड्यातील आहे. तेथे चुकलेल्या पाठीवर शिकविणाऱ्याचा हात पडतो. पडद्यावरील शिक्षकास तो हात नाही. तो आपण द्यावयाचा आहे.

म्हणून काही सूचना मांडतो. प्रथम परीक्षण. मलमूत्राच्या वेगावरील ताबा सुटणे, गुदभागी बधिरता, पायातील शक्ती कमी होणे, ज्वर, अकारण वजन घटणे, पडल्याचा इतिहास, पूर्वीचा कर्करोग यांपैकी काहीही असल्यास व्यायाम नव्हे, तर तात्काळ पुढील तपासणी. त्यानंतर चिठ्ठीवर औषधाप्रमाणेच व्यायाम लिहावा : कोणता, किती वेळा, केव्हा आणि कोणत्या लक्षणावर थांबावे. चारांहून अधिक प्रकार देऊ नयेत. ते समोर करून घ्यावेत आणि रुग्णाच्या संमतीने, त्याच्याच मोबाईलवर, त्याच्याच बोलीतील सूचनांसह चित्रित करून द्यावेत. आठ दिवसांनी पुन्हा पाहावे. या वेळेचे शुल्क उघडपणे घ्यावे. बस्तीचे शुल्क घेताना आपण संकोचत नाही, मग शिकविण्याचे घेताना का संकोचावे?

औषधविक्रेते बंधूंना एक विनंती. अस्थिभंग किंवा शस्त्रक्रियेनंतरचा पट्टा ही वेगळी गोष्ट. परंतु जुन्या कंबरदुखीसाठी कोणी चिठ्ठीविना पट्टा किंवा वेदनाशामक गोळ्या मागितल्यास त्यास एकदा वैद्याकडे पाठवावे. एका पट्ट्याची विक्री बुडेल, हे मी जाणतो. परंतु तेल, काढा आणि विश्वास यांसाठी तोच ग्राहक परत येतो.

आपल्या संघटनेनेही वऱ्हाडी बोलीतील अशा चित्रफितींचा एक सामायिक संच सिद्ध करावा, असे सुचवितो. आपण तो केला नाही, तर कोणी तरी दुसरा करील, आणि त्यास आपल्या रुग्णाची कंबर ठाऊक नसेल.

त्या भगिनीस प्रथम विश्रांती, स्नेहन-स्वेदन व मृदू विरेचन दिले. पायातील वेदना ओसरल्यावर तीन साधे व्यायाम शिकविले. कटिशूल पूर्ण गेला, असे म्हणणार नाही. परंतु संक्रांतीनंतर त्या आल्या, तेव्हा शेताच्या धुऱ्यावर बसून मध्येच पाठ मोकळी करतात आणि सोबतच्या बायांनाही शिकवितात, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या केसपेपरवर आता व्यायामाचा एक स्वतंत्र रकाना आहे. हा रकाना सर्वांच्याच केसपेपरवर यावा, एवढेच मागणे.