कपाटाची किल्ली कोणाकडे?

परवा भोकरला मामांशी वाद झाला. शाळेत किरणोत्सारी नमुन्याचा प्रयोग दाखवणं म्हणजे म्हणे पोरांच्या जिवाशी खेळ! मला हे अजिबात पटत नाही.

घाबरायचंच असेल तर मायापुरी आठवा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं कोबाल्ट-६० चं यंत्र १९८५ पासून पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगारात गेलं. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडलं गेलं, अनेकांना बाधा झाली आणि एप्रिलमध्ये एक कामगार दगावला.

कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सुमारे ५.२७ वर्षं. म्हणजे २५ वर्षांनीही साधारण सत्ताविसावा हिस्सा उरतोच. बारावीचं पोरगं हे गणित दोन मार्कांसाठी सोडवतं. विद्यापीठात लिलावाआधी कोणाला ते सुचलं नाही!

तेव्हा मामा, चूक शिकवण्याची नव्हती, विसरण्याची होती. शाळेतला सीलबंद नमुना त्या यंत्रापुढे अगदीच दुबळा. तो चिमट्यानं धरायचा, अंगापासून लांब ठेवायचा, काम झालं की लगेच कुलपात. वहीत तारीख, कोणी काढला, कधी परत ठेवला. सर निवृत्त झाले की किल्लीबरोबर वहीही पुढच्यांच्या हाती. आणि नमुना नकोसा झाला तर भंगारवाल्याला नाही, मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारायचं.

प्रयोग बंद करणं सोपं आहे हो. पण ज्यानं अर्धायुकाल फक्त फळ्यावर पाहिला, तोच उद्या साहेब होऊन असं यंत्र लिलावात काढेल.

बोला मामा, आता काय म्हणता?