खोक्यातला ट्रक, हाताची शर्यत

रिमोटच्या ट्रकांच्या शर्यतीत दोन पंथ आहेत. एकाच्या मते खरा स्पर्धक सुटे भाग मागवतो, रात्री जागून गिअर बसवतो, शॉकमध्ये तेल भरतो, मोटर निवडतो आणि मग मैदानावर येतो. दुसरा पंथ कंपनीने जुळवून दिलेला ट्रक खोक्यातून काढतो, बॅटरी चार्ज करतो, काहीही न बदलता रेषेवर उभा राहतो. पहिल्याला दुसऱ्याची कीव येते. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांत ही कीव नियमच होऊन बसते; रोबो-रेससारख्या स्पर्धांत ‘तयार गाडी चालणार नाही’ ही अट बहुधा असतेच. कोकणातल्या मंडणगडसारख्या तालुक्याच्या गावी उद्या कोणी अशी शर्यत भरवायला निघाले, तर हाच नियम डोळे मिटून उचलण्याचा मोह होईल. तो उचलू नये, असे माझे म्हणणे आहे. खोक्यातल्या ट्रकची शर्यत सोपी म्हणून खालच्या दर्जाची, हा समज मुळात चुकीचा आहे. शर्यत म्हणून तीच अधिक निर्भेळ आहे.

पूर्वपक्ष पोकळ नाही, म्हणून तो आधी पूर्ण ताकदीने मांडू. हा छंद वाढला तोच जुळणीच्या संचांवर. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार, पोर्शे ९३४, आणली ती सुट्या भागांच्या रूपात. अमेरिकेतील टीम असोसिएटेडची १९८४ ची आरसी१० ही गाडीही घेणाऱ्यालाच जुळवावी लागे. त्या पिढीतल्या मुलांना डिफरन्शियल म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही; वळणावर आतले चाक कमी आणि बाहेरचे जास्त का फिरते, हे बोटांनीच समजले. तयार ट्रक घेणारा हे सगळे ओलांडून थेट रिमोटच्या ट्रिगरवर बोट ठेवतो. त्याने पैसे दिले, मेहनत केली नाही, असे पहिला पंथ म्हणतो, आणि यातला शैक्षणिक भाग खराच आहे. पण जुळणीने शिक्षण होते एवढ्यावरून जुळणीशिवाय शर्यत होत नाही, असे ठरत नाही. पूर्वपक्षाने या दोन गोष्टींची सरमिसळ केली आहे.

कोणतीही स्पर्धा जे मोकळे सोडते तेच मोजते. बाकीचे तिला बांधून टाकावे लागते, नाहीतर निकाल कशाचा लागला हे कळत नाही. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, तेव्हा वाद झाला आणि पुढे बॅटचे पाते लाकडाचेच हवे असे नियमात आले. २००९ च्या रोममधील जागतिक जलतरण स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले. पोहणारे एका वर्षात माशासारखे झाले असे कोणीही मानले नाही. श्रेय अंगावरच्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांना गेले आणि १ जानेवारी २०१० पासून ते बाद झाले. शिडाच्या होड्यांत तर याहून पुढची पायरी गाठली गेली. १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या लेझर वर्गात सगळ्यांची होडी एकाच घडणीची असते आणि स्पर्धेपुरती ती आयोजकच देतात. होडी त्याने स्वतः बनवलेली नाही, म्हणून तिथला विजेता कमअस्सल ठरत नाही. वारा ओळखणे हेच तिथे मोजायचे ठरले आहे. मोटारींतही हे जुने आहे. अमेरिकेत १९७३-७४ च्या हंगामात ‘इंटरनॅशनल रेस ऑफ चॅम्पियन्स’ सुरू झाली ती वेगवेगळ्या प्रकारच्या शर्यतींतले नामांकित चालक एकसारख्या पोर्शे गाड्यांत बसवून. आणि खऱ्याखुऱ्या ट्रकांचे उदाहरण हवे असेल तर २३ मार्च २०१४ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर टाटा मोटर्सने भरवलेली शर्यत पाहावी. तिथे धावलेले सगळे ट्रक ‘प्राइमा’च होते.

आता यंत्र मोकळे सोडले तर काय होते ते पाहू. त्याचा दाखला याच छंदात आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या ट्रॅक्सास कंपनीने ‘स्लॅश’ नावाचा ट्रक आणला. एक दशांश मापाचा, फक्त मागची चाके ओढणारा, साध्या ब्रशच्या मोटरीचा, जुळवूनच मिळणारा. सगळ्यांच्या हाती एकसारखाच ट्रक आल्याने नवशिके आणि मुरलेले एका रेषेवर उभे राहू लागले. लगेच २००९ मध्ये टीम असोसिएटेडचा एससी१० आला, मग त्याच मापात ब्रशलेस मोटरी, लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आणि शर्यतीसाठीच बांधलेले महागडे संच आले. ही चढाओढ कोणाच्या दुष्टपणाने होत नाही, यंत्राच्या स्वभावाने होते. दोन सेलची बॅटरी ७.४ व्होल्टची, तीन सेलची ११.१ ची, विजेच्या मोटरीची गती साधारण दाबाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एक सेल वाढला की गती दीडपटीच्या घरात जाते. मोटरीवरच्या छोट्या गिअरला, म्हणजे पिनियनला, दोन दात वाढवले की वरचा वेग वाढतो, पण मोटर तापते. म्हणून मोटर बदलायची, मग ती झेपेना म्हणून स्पीड कंट्रोलर, मग गिअर, मग टायर. प्रत्येक पायरीवर पाकीट उघडते. त्यात २०२० मध्ये आपल्या सरकारने खेळण्यांवरचे आयात शुल्क २० वरून ६० टक्के केले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. असा खर्च मुंबई-पुण्याच्या हौशी माणसाला कदाचित झेपेल. जिथून रेल्वेही जात नाही, भात निघाल्यावर तरुण कामासाठी मुंबईची वाट धरतात, त्या मंडणगड तालुक्यात मोकळ्या नियमांची शर्यत म्हणजे बहुधा दोन-तीन घरांची शर्यत. बाकीचे बांधावर उभे राहून टाळ्या वाजवतील. मग पहिल्या पंथाची ‘मेहनत’ कुठे उरली? त्याचीच रीत शेवटी पैशाला मेहनतीच्या पुढे बसवते.

यावर पहिला आक्षेप येईल की तयार ट्रकने मुले नुसती बटणबहाद्दर होतील. हा आक्षेप घेणाऱ्याने कोकणातल्या जमिनीचा विचार केलेला नाही. आपल्याकडचे मैदान म्हणजे जांभ्याचा सडा किंवा भात कापल्यावरचा मळा. जांभ्याची तांबडी भुकटी बेअरिंगमध्ये शिरते, खडे गिअरचे दात खातात, बांधावरून आदळले की पुढचा आर्म तुटतो. खोक्यातून काढलेला ट्रक अशा जागी आठवडाभर चालवला की तो उघडावाच लागतो. तेव्हा कुठला भाग कशाला धरून आहे हे कळल्याशिवाय तो परत चालत नाही. फरक एवढाच, की जुळणीचा संच आधी शिकवतो आणि मग चालवू देतो, तर हा ट्रक आधी चालवू देतो आणि बिघाडातून शिकवतो. तुटलेला भाग तसाच मूळचा बसवायचा, सुधारून नाही, एवढी अट घातली की दुरुस्तीचे शिक्षण राहते आणि खर्चाची शिडी तुटते. ज्यांना बांधणीचाच कस पाहायचा आहे त्यांच्यासाठी वेगळी व्यासपीठे आहेतच. २००७ पासून पिथमपूरला होणाऱ्या ‘बाहा एसएई इंडिया’त विद्यार्थी आख्खी गाडी रचतात. पण तिथेही आयोजकांनी सर्वांना वर्षानुवर्षे एकाच कंपनीचे एकसारखे इंजिन दिले, कारण मोजायचा होता तो सांगाडा आणि जोडकाम. म्हणजे बांधणीच्या स्पर्धेलाही काहीतरी बांधून ठेवावेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: एका खोक्यातले दोन ट्रक तरी कुठे सारखे असतात? बरोबर. ब्रशच्या मोटरींत फरक असतो, बॅटऱ्या जुन्या होतात, आणि धूर्त माणूस चार मोटरी घेऊन त्यातली चपळ निवडतो. पण हा दोष यंत्राच्या मालकीत आहे, तयार असण्यात नाही. म्हणून उपायही मालकीतच शोधावा. ट्रक स्पर्धकाचे नसावेत, मंडळाचे किंवा शाळेचे असावेत. सहा एकसारखे ट्रक घ्यावेत, प्रत्येक फेरीआधी चिठ्ठी टाकावी आणि फेरीगणिक ट्रक बदलावेत. मंद ट्रक मग सगळ्यांच्याच वाट्याला येतो आणि चार-पाच फेऱ्यांच्या बेरजेत त्याचा परिणाम विरतो. एकाच वेळी सहा ट्रक उतरवणे आता अवघडही नाही. पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या संचांत दोघांचे क्रिस्टल एक निघाले की एकाच्या रिमोटने दुसऱ्याचा ट्रक पळे. २००५ मध्ये आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, आणि आज या पट्ट्यावरचा प्रत्येक रिमोट आपल्याच ट्रकशी जोडलेला असतो. बॅटऱ्या आयोजकांनीच चार्ज करून द्याव्यात. त्याने फसवणुकीची मोठी वाट बंद होते आणि लिथियमच्या बॅटरीला आग लागण्याचा धोकाही एका जबाबदार माणसाच्या नजरेखाली राहतो.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. सगळे बांधून टाकले तर नवे काही घडणार नाही, कल्पकता मरेल, उरेल ती फक्त बाजारातून आणलेली वस्तू. बाजाराविषयीचा मुद्दा तर उलटाच पडतो, कारण बंद नियमात खरेदी खोक्यापाशी थांबते. मोकळ्या नियमात ती तिथून सुरू होते. कल्पकतेचे म्हणाल तर तिला हद्दपार करा असे कोणीच म्हणत नाही, तिचा गट वेगळा ठेवा एवढेच. ही सोय कोकणाला परकी नाही. चिखलातल्या नांगरणीच्या स्पर्धांत गावठी बैलांचा गट आणि घाटी बैलांचा गट वेगळे लावतात. घाटावरून आणलेल्या धिप्पाड जोडीपुढे घरच्या गोठ्यातली जोडी उभी केली तर निकाल औत धरणाऱ्याच्या हाताचा लागत नाही, जोडीच्या किमतीचा लागतो, हे शेतकऱ्याने कोणत्याही नियमपुस्तकाशिवाय ओळखले. गावठी गटात उतरणाऱ्याला कोणी अर्धवट शेतकरी म्हणत नाही. मग खोक्यातला ट्रक चालवणाऱ्यालाच अर्धवट स्पर्धक का म्हणावे? आणि हाताचे कौशल्य लहान नसते. ब्रशची, मागची चाके ओढणारी गाडी भुरभुरीत मातीवर ट्रिगर जास्त दाबला की गिरकी घेते. वळणाआधी कुठे सोडायचे, उंचवट्यावरून उडताना नाक खाली घालायला हवेत ब्रेक कधी मारायचा, गाडी आपल्याकडे तोंड करून येताना डावे-उजवे उलटे होते ते कसे पचवायचे, हे विकत मिळत नाही.

म्हणून मंडणगडात अशी शर्यत सुरू झालीच तर तिचे नियम एका पानात मावावेत: ट्रक मंडळाचे आणि एकसारखे, चिठ्ठीने वाटलेले, बॅटरी आयोजकांची, तुटेल तो भाग मूळचाच बसवायचा, आणि फेरी संपली की त्या चालकाने पुढच्या फेरीत मैदानावर उभे राहून उलटलेले ट्रक सरळ करायचे. दोन-तीन हंगामांनंतर ज्यांचे हात बसतील आणि ज्यांना यंत्राची खाज सुटेल, त्यांच्यासाठी मोकळा गट जरूर काढावा. तोवर त्यांनी दुरुस्तीत इतके स्क्रू काढले असतील की जुळणीचा संच त्यांना जड जाणार नाही. क्रम मात्र हाच हवा. मोकळा गट आधी काढला, तर बंद गट काढण्याइतके स्पर्धक तालुक्यात उरणार नाहीत.