जॅक गाडी उचलतो, सांभाळत नाही

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण आज मोटारीवर पोट भरतात. कोणी टॅक्सी चालवितो, कोणी टेम्पो, कोणी गॅरेजात हाताखाली काम शिकतो. कोणी हप्त्याने घेतलेली जुनी गाडी सुट्टीच्या दिवशी दारातच दुरुस्त करीत बसतो. जॅकवरून घसरलेल्या गाडीखाली माणूस सापडल्याच्या बातम्या अधूनमधून वाचावयास मिळतात. चार साध्या गोष्टी पाळल्या असत्या तर त्या घरचा कर्ता माणूस वाचला असता, असे आम्हांस वाटते. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. लहान मोटारसुद्धा ७०० ते ९०० किलोची असते. गाडीसोबत मिळणाऱ्या स्क्रू जॅकचा तळ जेमतेम तळहाताएवढा. गाडी जरा पुढेमागे सरकली की तो कलंडतो. गॅरेजातील तेलाचा जॅक ताकदवान खरा, पण सारा भार आतल्या तेलाच्या दाबावर असतो. रबरी सील गळाले की गाडी खाली बसते, आणि सील सांगून गळत नाही.

आता चाक बदलण्याचा क्रम पाहू. जागा सपाट आणि कठीण असावी. उतारावर किंवा चिखलात गाडी उचलू नये. पावसाळ्यात इलाजच नसेल तर जॅकखाली जाड, रुंद फळी ठेवावी. वीट ठेवू नये, ती भाराखाली एकाएकी फुटते. गाडीतील सर्वांना, विशेषतः झोपलेल्या मुलांना, आधी उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे.

हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी, पण तेवढ्यावर विसंबू नये. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची दोन्ही चाके उचलली की त्याचा उपयोग संपला. गिअरचेही तसेच. इंजिन ज्या चाकांना ओढते त्यांपैकी एक अधांतरी झाले की ते मोकळे फिरते आणि गाडी गिअरमध्ये असूनही सरकू शकते. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून दगड लावावेत. त्याला पैसा लागत नाही.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. वर उचललेल्या गाडीला पान्याने हिसके दिले की ती जॅकवरून उतरते. जॅक कोठे लावावयाचा ती जागा ठरलेली असते. बहुतेक मोटारींत ती दाराखालच्या पट्टीवर, पुढच्या चाकाच्या मागे व मागच्या चाकाच्या पुढे, खाचेने दाखविलेली असते. पातळ पत्र्याला किंवा इंजिनाच्या तेलाच्या टाकीला जॅक लावू नये.

गाडी उचलली की स्टेपनी त्याच बाजूला गाडीखाली आडवी सरकवावी. चाक काढल्यावर ते तिच्या जागी ठेवून स्टेपनी बसवावी. जॅक निसटला तरी गाडी त्या चाकावर अडेल, हातावर पडणार नाही. नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत. मग गाडीखालचे चाक काढून गाडी उतरवावी आणि नट पुन्हा घट्ट करावेत.

गाडीखाली शिरून काम करावयाचे असेल तर लोखंडी स्टँडशिवाय शिरू नये. स्टँड लावून, गाडी त्यावर टेकवून, हाताने हलवून पाहावी. डुलली तर पुन्हा लावावे. "दोन मिनिटांचे तर काम" हे शब्द अशा वेळी फार महाग पडतात. एकट्यानेही काम करू नये. छातीवर भार आला की हाक मारण्याइतकाही श्वास उरत नाही. कोणी अडकलेच तर त्याला ओढू नये. दुसऱ्या जॅकने गाडी उचलून आधार द्यावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

गॅरेजात शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना आमचे एक सांगणे आहे. पोरगा कामाला लागला एवढ्यावर समाधान मानू नका. तिथे स्टँड आहेत का, हे एकदा जाऊन पाहा. उस्तादाला विचारण्यात कमीपणा नाही. आणि मुलांनो, स्टँड नसताना कोणी गाडीखाली जा म्हटले तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. काम दुसरीकडे मिळेल.

भगिनींनीही हे शिकून घ्यावे. आज अनेकजणी गाडी चालवितात, आणि ज्या चालवीत नाहीत त्यांनी घरच्या माणसाला दगड लावलेत का, एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.