सर्व्हरला ऑन-कॉल, बाबांना नोटिफिकेशन

आमच्या कंपनीचा एखादा सर्व्हर रात्री अडीचला आडवा झाला, तर काय होतं ते आधी सांगते. त्या आठवड्यात ज्याची ऑन-कॉल पाळी असेल, त्याचा फोन वाजतो. सायलेंटवर असला तरी वाजतो. त्याने पाच मिनिटांत उचलला नाही, तर दुसऱ्याचा वाजतो. तोही झोपला असेल, तर मॅनेजरचा. सकाळी मीटिंग होते. बिघाड कधी झाला, कोणाला कधी कळला, कळल्यापासून हात लावेपर्यंत किती मिनिटं गेली, सगळं लिहिलं जातं. या पाळीचे वेगळे पैसे मिळतात. आणि एवढा खटाटोप कशासाठी? तर लोकांना रात्री अडीचला ऑनलाइन चपला मागवता याव्यात म्हणून.

माझ्या बाबांचं हृदय अशक्त आहे. ते आणि आई चौलला राहतात, आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत. मी पुण्यात. मुंबईच्या हॉस्पिटलातून बाबांना घरी सोडलं, तेव्हा सोबत एक पॅकेज मिळालं. दंडाला लावायचं बीपी मशीन, ब्लूटूथचा वजनकाटा, मनगटावर ऑक्सिजन आणि नाडी मोजणारं घड्याळ, आणि या तिघांचं ऐकून घेणारं एक अ‍ॅप. 'चोवीस तास देखरेख' असं खोक्यावर छापलेलं होतं. पैसे मी भरले, हप्त्याने.

तर बाबांचं काही बिघडलं की काय होतं? माझ्या फोनवर नोटिफिकेशन येतं. बस.

गेल्या जुलैत पहिलं आलं. पहाटेचे दोन चाळीस. ऑक्सिजन ८३. मी आईला फोन लावला, लागेना. चौलला लाइट गेली होती आणि तिच्यामागोमाग रेंजही. शेजारच्या काकांना लावला, तो नशिबाने लागला. काका बॅटरी घेऊन, पडलेल्या झावळ्या ओलांडत, वाडीतून आमच्या घरी गेले. बाबा घोरत होते. घड्याळ मनगटावरून सरकलं होतं. आठवड्याभरात असं तीनदा झालं. चौथ्या दिवशी बाबा मला म्हणाले, "बाय, तुझं घड्याळ मला झोपू देत नाय, आणि काकाला पण." त्या रात्री मी नोटिफिकेशन म्यूट केलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?

पुढच्या पंधरवड्यात बाबांचं वजन चार दिवसांत अडीच किलोने वाढलं. अशक्त हृदयाच्या माणसाचं वजन असं झपाट्याने वाढलं, की शरीरात पाणी साठत असण्याची शक्यता मोठी असते. काट्याने ते अचूक मोजलं. अ‍ॅपने ते अचूक साठवलं, आलेख काढला, आलेखावर पिवळा ठिपकाही दिला. पिवळ्याला आवाज नसतो, आवाज फक्त लाल ठिपक्याला. पिवळे ठिपके आठवड्याच्या अहवालात जातात. तो अहवाल कोण वाचतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बाबांचे पाय पाहिले ते आशाताईने. ती शेजारच्या घरी बाळंतिणीला भेटायला आली होती. बाबा अंगणातून चालले होते, तर तिने हटकलं, "काका, चपला ओढत काय चालताय?" बाबा म्हणाले, "पायात जात नाहीत गो दोन दिवस." ती खाली बसली, त्यांच्या घोट्याजवळ अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. तासाभरात बाबा अलिबागच्या वाटेवर होते. चार दिवस अ‍ॅडमिट राहिले, इंजेक्शनं देऊन पाणी काढलं, गोळ्या बदलल्या. आता बरे आहेत. शेजारच्या बाळाला भेट दिल्याचा आशाताईला मोबदला मिळतो. बाबांच्या पायांकडे पाहिल्याचा मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, एका घरच्या गोष्टीवरून निष्कर्ष काढू नकोस, डेटा दाखव. दाखवते.

२०१० साली अमेरिकेत एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, टेली-एचएफ नावाची. हार्ट फेल्युअरचे १,६५३ रुग्ण. अर्ध्यांनी रोज फोनवरच्या स्वयंचलित यंत्रणेला आपलं वजन आणि लक्षणं सांगायची, बाकीच्यांवर नेहमीचे उपचार. दवाखान्यातले लोक ही माहिती कामाच्या दिवशी बघत. सहा महिन्यांत देखरेखीखालच्या गटातले ५२.३ टक्के रुग्ण पुन्हा हॉस्पिटलात गेले किंवा दगावले. दुसऱ्या गटातले ५१.५ टक्के. म्हणजे फरक शून्य. १४ टक्के लोकांनी तर ती यंत्रणा एकदाही वापरली नाही.

आता दुसरी चाचणी, जर्मनीतली, २०१८ ची. १,५७१ रुग्ण, घरी वजनकाटा, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन. बाबांच्या पॅकेजसारखंच सामान. इथे मात्र मृत्यू कमी झाले. नेहमीच्या उपचारांच्या गटात वर्षाला दर शंभर रुग्णांमागे ११ हून थोडे जास्त, देखरेखीच्या गटात ८ हून थोडे कमी. दोन्ही चाचण्यांत देश वेगळे, काळ वेगळा, रुग्णांची निवडही वेगळी. पण एक फरक मला डोळ्याआड करता येत नाही. जर्मनीत त्या आकड्यांच्या दुसऱ्या टोकाला बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलातलं एक केंद्र होतं आणि त्यात डॉक्टर आणि नर्स चोवीस तास, सातही दिवस बसलेले होते. आकडा बिघडला की ते रुग्णाला फोन करत, औषध बदलत, गरज पडली तर हॉस्पिटलात हलवत.

आपल्याकडे जाहिरात होते ती जर्मनीच्या निकालाची, आणि घरी येतं ते अमेरिकेचं मॉडेल. तेही कामाच्या दिवशी बघणारा माणूस वजा करून.

हे मी बाहेरून बोलत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत मी असा एक डॅशबोर्ड स्वतः बांधला आहे. त्यातल्या अलर्टच्या टेबलमध्ये तीन कॉलम होते: पाठवला, पोचला, पाहिला. 'कोणी गेलं का' हा कॉलम नव्हता. कोणी मागितलाच नव्हता. मीही विचारलं नाही. गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइडवर 'अलर्ट पोचण्याचं प्रमाण' ठळक अक्षरांत असायचं. अलर्ट पोचला, म्हणजे आमचं काम झालं. पुढची जबाबदारी आपोआप कुटुंबाच्या गळ्यात पडते, आणि काही अघटित घडलं तर कंपनी लॉग काढून दाखवते: आम्ही दोन चाळीसलाच कळवलं होतं.

मी याला देखरेख म्हणायला तयार नाही. ही जबाबदारी ढकलण्याची सोय आहे, आणि तिचे पैसे ज्याच्यावर ती ढकलली जाते त्याच्याकडूनच घेतले जातात.

आपण इंजिनिअर आहोत तर साधा हिशेब करू. समजा, एका तालुक्यात असे ५०० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाच्या दिवसाला चार नोंदी येतात. झाल्या २,००० नोंदी. शंभरातली एक नोंद चुकली, घड्याळ सरकलं, हात गार होता, काटा वाकड्या फरशीवर होता, तर रोज २० खोटे अलर्ट. आठवड्याला १४०. त्याच आठवड्यात खरं संकट समजा एकावरच आलं, तर तो एक या १४० मध्ये शोधायचा. एका अलर्टमागे फोन करून खात्री करायला १५ मिनिटं धरली, तर रोजचे पाच तास झाले, म्हणजे एका नर्सची जवळजवळ अख्खी पाळी. ती नर्स नेमलीच नसेल, तर लोक तेच करतील जे मी केलं. म्यूट.

खोट्या नोंदीचं गांभीर्य आमच्या तालुक्याला शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे. शहरात विजेवरची ट्राम येणार हे ठरल्यावर नोंदी बिघडतील म्हणून वेधशाळाच तिथून हलवली आणि १९०४ मध्ये अलिबागला आणली. नोंद महत्त्वाची मानली, तर माणसं तिच्यासाठी एवढं करतात. बाबांच्या नोंदीसाठी मात्र सरकलेलं घड्याळ ओळखण्याइतकेही कष्ट कोणी घेतले नव्हते.

आणि माणूस मोजमापाच्या शेजारी बसला तर काय होतं, याचं उदाहरणही आमच्याच जिल्ह्यात आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा कोकणात विंचूदंशाने माणसं, विशेषतः मुलं मरत. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी रात्र रात्र बसले, नाडी, रक्तदाब, श्वास लिहीत राहिले. त्या नोंदींवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध विंचूदंशावर वापरलं आणि ४० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्यापर्यंत खाली आलं. रक्तदाबाचं यंत्र तर सगळ्याच दवाखान्यांत होतं. त्याच्याजवळ जागा राहणारा माणूस बिरवाडीत होता.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. "खेड्यात डॉक्टर नाहीत, म्हणून तर हे तंत्रज्ञान हवं. काहीच नसण्यापेक्षा बरं ना?" मला हे उत्तर पटत नाही. काहीच नसतं, तेव्हा निदान काही नाही हे माहीत असतं. घड्याळ आल्यावर आई बाबांच्या पायांकडे बघायची थांबली. "मशीन बघतंय ना," म्हणाली. मीही रोज रात्री 'बाबा, दम लागतो का, उश्या किती घेता?' असं विचारायची, ते बंद केलं, कारण अ‍ॅपमध्ये हिरवा ठिपका दिसायचा. आधी आम्ही दोघी लक्ष ठेवून होतो. मशीन आल्यावर एकही उरली नाही.

शिवाय खेड्यात कोणी नाही हेही खरं नाही. आशाताई आहे. २००५ पासून आहे, साधारण हजार वस्तीमागे एक. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली, तेव्हा ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन दारोदार कोण गेलं? महाराष्ट्रातली दूरस्थ देखरेखीची सगळ्यात मोठी कसरत तीच असावी, आणि ती पायांवर चालली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. मोबदला वाढवा आणि ऑनलाइन कामाची सक्ती थांबवा, या त्यांच्या मागण्यांपैकी दोन. आम्ही शहरात बसून अ‍ॅप बनवतो, आणि त्यात माहिती भरायचं काम, बहुतेकदा फुकट, तिच्या अंगावर येतं. कागदोपत्री ती अजूनही स्वयंसेविकाच.

निसर्ग वादळही विसरू नका. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाड्या झोपल्या, विजेचे खांब पडले, मोबाइलचे टॉवर बंद. आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती. दवाखान्याची वाट सगळ्यात अवघड असते, त्याच दिवशी नेटवर्कही जातं. असं असताना ज्या यंत्रणेचा जीव इंटरनेटवर आहे, तिने कोकणात 'चोवीस तास' हे शब्द छापताना थोडा विचार करायला हवा.

माझं म्हणणं सेन्सर फेकून द्या असं नाही. बाबांचा वजनकाटा उत्तम आहे, तो अजून वापरतो. माझ्या मागण्या सर्व्हरच्या पाळीइतक्याच आहेत. प्रत्येक अलर्टच्या पुढे कोण उठणार आणि किती मिनिटांत, हे विकण्याआधी लिहून द्या. तो उठणारा माणूस प्रशिक्षित असू दे आणि त्याला त्याचे पैसे मिळू देत, मग तो जिल्ह्याच्या केंद्रातली नर्स असो की गावातली आशा. किती अलर्टना उत्तर मिळालं नाही, हा आकडा दर महिन्याला जाहीर करा. नोंदी दोन दिवस आल्याच नाहीत, तर तोही अलर्ट धरा आणि माणूस पाठवा. सरकार अशा योजनेवर पैसे घालणार असेल, तर आधी पगार, मग पट्टे.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे पुण्या-मुंबईत, बंगळुरात, न्यू जर्सीत बसलेल्या मुलामुलींसाठी. दिवाळीला आईबाबांच्या मनगटावर घड्याळ बांधताना आपण नेमकं काय विकत घेतो? मी तरी माझी झोप विकत घेतली होती. आपल्याला जाता येत नाही, हे मन खात असतं, आणि कंपन्यांना ते पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या जाहिरातीत म्हातारा माणूस क्वचितच बोलतो. बोलतो तो त्याचा परदेशातला मुलगा.

आता आमच्याकडे बाबा रोज सकाळी काट्यावर उभे राहतात आणि आई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडा लिहिते. मी रात्री फोन करून तो विचारते, आणि चपला बसतात का हेही. दोन किलो वाढलं की थेट अलिबागच्या डॉक्टरांना फोन, हे त्यांच्याशी बोलून ठरवलं आहे. पण हे आमच्या घरापुरतं झालं. ज्यांची मुलगी अशी रोज फोन करू शकत नाही, त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुम्हाला असं खोकं विकायला आलं, तर बॅटरी किती दिवस टिकते ते नंतर विचारा. आधी विचारा, रात्री अडीचला कोण उठतं? त्याचं नाव आणि नंबर घ्या. आणि घरी न्यायच्या आधी, एकदा अडीच वाजता तो नंबर लावून बघा.