पीक कायदेशीर झालं, मजुराचं काय?

गांजा कायदेशीर करावा का, हा वाद निघाला की तो दोनच मुद्द्यांभोवती फिरतो: तरुण पिढी व्यसनाला लागेल, आणि सरकारी तिजोरीत पैसा येईल. हे पीक लावणारे, त्याचा फुलोरा छाटणारे, दळणारे आणि विकणारे हात या वादात कुणालाच आठवत नाहीत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात 1 जानेवारी 2014 रोजी गांजाची खुली दुकानं सुरू झाली, कॅलिफोर्नियात 2018 मध्ये. इतक्या वर्षांच्या अनुभवातून माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. मालाला परवाना मिळाला म्हणून मजुराला संरक्षण मिळत नाही. ते वेगळं, आणि परवाने वाटण्याआधी, कायद्यात लिहावं लागतं.

आधी तिजोरीचा हिशेब पाहू. कोलोरॅडोत 2021 मध्ये गांजाची विक्री 220 कोटी डॉलरच्या वर गेली. 2023 मध्ये ती दीडशे कोटींच्या आसपास आली. करापोटी 2021 मध्ये 42 कोटी डॉलर मिळाले होते, तो आकडाही त्याच ओघात खाली आला. या पैशातून शाळांच्या इमारती उभ्या राहिल्या, हे खरं आणि चांगलंच झालं. पण शेजारच्या न्यू मेक्सिकोनेही 2022 मध्ये विक्री खुली केली, लागवड वाढत गेली आणि भाव कोसळले. भाव पडला की पहिली कात्री मजुरीला लागते, हे कांद्या-टोमॅटोचे भाव रोज वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. देशभरातल्या कायदेशीर गांजा उद्योगातल्या नोकऱ्या एका खाजगी मोजणीनुसार 2022 मध्ये सुमारे 4 लाख 28 हजार होत्या. पुढच्याच वर्षी त्या दहा हजारांनी घटल्या. रोजगाराचा आलेख नुसता चढताच राहील असं सांगणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

कामाचं स्वरूप तर आकड्यांतून कळतच नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या डोंगराळ परगण्यांत सुगीला बाहेरून मजूर येतात. फुलोऱ्याभोवतीची पानं बारीक कात्रीने छाटायची आणि छाटलेल्या मालाच्या पौंडावर मजुरी घ्यायची, असं हे उक्तं काम. बंदीच्या काळात जोखमीपोटी ही मजुरी चढी होती; माल उघडपणे विकला जाऊ लागल्यावर ती उतरली. मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक गावात, पूर्ण परवाना असलेल्या कारखान्यात, दळलेला गांजा कागदी सिगारेटींत भरणारी 27 वर्षांची कामगार जानेवारी 2022 मध्ये दम्याच्या झटक्याने गेली. कामाला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. गांजाच्या भुकटीमुळे जडलेल्या व्यावसायिक दम्याचा अमेरिकेच्या गांजा उद्योगात नोंदला गेलेला हा पहिला मृत्यू. ही धूळ फुप्फुसाला काय करते, याचा विचार दुकानं उघडण्याआधी व्हायला हवा होता.

यामागे कायद्याची रचना आहे. संघटना बांधण्याचा हक्क देणाऱ्या 1935 च्या केंद्रीय कायद्याने शेतमजुरांना वगळलं, त्यामुळे शेतात राबणाऱ्याला हा हक्क राज्याने दिला तरच मिळतो. शिवाय राज्यांनी परवाने दिले तरी केंद्राच्या लेखी गांजा सर्वांत कडक अनुसूचीतच राहिला, आणि त्या वर्षांत प्राप्तिकराच्या 280-ई या कलमाने दुकानदाराला भाडं आणि विक्रेत्यांचे पगार खर्चात दाखवू दिले नाहीत. पगाराची करसवलतच नाही म्हटल्यावर माणसं कमी ठेवण्याकडेच कल जाणार.

मग बंदीच बरी, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. बंदीत हाच मजूर तक्रारही करू शकत नाही, पोलिसांत गेला तर तोच आरोपी ठरतो. शिवाय त्या काळात गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांना गांजासाठी अटक होण्याचं प्रमाण साडेतीन पटींहून अधिक होतं, आणि अटकेचा डाग लागलेल्याला पुढे नोकरी मिळणं अवघड. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नियम वाढवले तर धंदा पुन्हा काळ्या बाजारात जाईल. कॅलिफोर्नियात काळा बाजार खरोखरच टिकून राहिला. पण तिथे मोठा घाव घातला तो वजनावर लावलेल्या लागवड कराने. भाव पडत असताना हा कर उलट वाढत पौंडामागे 161 डॉलरवर गेला, आणि अखेर जुलै 2022 मध्ये राज्याला तो रद्द करावा लागला. चुकीच्या कराचं खापर कामगाराच्या हक्कांवर फोडणं अन्यायाचं आहे.

आपल्याकडे 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा गांजाच्या नशेला परवानगी देत नाही, आणि ती द्यावी अशी माझी मागणीही नाही. पण औद्योगिक कामासाठी लागवडीला परवानगी देण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. उत्तराखंडने 2018 मध्ये ती वापरली, हिमाचल विधानसभेने 2024 मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीचा अहवाल स्वीकारला, गोव्यातही 2020 मध्ये औषधी लागवडीचा प्रस्ताव चर्चेत आला होता. उद्या महाराष्ट्रातही कुणी असा मसुदा आणेल. त्या वेळी आमदारांनी महसुलाचा अंदाज विचारण्याआधी परवान्याच्या अटी मागून घ्याव्यात: किमान वेतन किती, हजेरीची नोंद कोण ठेवणार, दळणाच्या खोलीत धूळ ओढणारी यंत्रणा आहे का. ही उत्तरं मसुद्यात नसतील, तर त्याला मत देऊ नये.